तुलना कोणाशी केली? मराठी वृत्तपत्रांच्या संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,



मी एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम शिकवते. रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र हा तो विषय, आणि संशोधनाचे निबंध कसे वाचावेत हे एमडीच्या मुलांना शिकवणे हा त्यातला माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा भाग. आपल्या आरोग्य पुरवण्या मी नेमाने वाचते, कारण माझ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध जितके लोक वाचतील त्याच्या कित्येक पट लोक आपली एक चौकट सकाळच्या चहाबरोबर वाचतात. अमुक खाल्ल्याने हृदयविकार टळतो, तमुक वेळी झोपल्याने आयुष्य घटते, असे त्या चौकटीत लिहिलेले असते. मूळ निबंध काढून पाहिला की बहुतेकदा तो निरीक्षणात्मक अभ्यास निघतो. संशोधकांनी कोणाला काही खायला दिलेले नसते की कोणाचे काही बंद केलेले नसते. लोक आपापल्या परीने जगत असतात. त्यांच्या सवयी आणि त्यांचे आजार टिपून दोन्हींचा मेळ घातलेला असतो.

अशा बातम्या छापू नका, असे सांगायला हे पत्र लिहिलेले नाही. तंबाखूने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे आपल्याला कळले ते निरीक्षणातूनच. निम्म्या लोकांना चिठ्ठ्या टाकून वीस वर्षे बिडी ओढायला लावायची आणि कोण मरते ते पाहायचे, असा प्रयोग कोणी करू शकत नाही. गर्भवतीचा आहार, कारखान्याचा धूर, गरिबी, रात्रपाळी यांचे परिणाम समजून घ्यायचे तर निरीक्षणावाचून मार्ग नाही. पण निरीक्षणात्मक अभ्यास भक्कमही असतो आणि पोकळही असतो, आणि आपल्या पानावर दोन्ही एकाच टायपात, एकाच ठामपणे येतात. भक्कम कोणता आणि पोकळ कोणता हे ओळखायला डॉक्टर असावे लागत नाही. पालिकेच्या अर्थसंकल्पाची बातमी देताना आपला बातमीदार ज्या चिकाटीने आकडे उलटसुलट तपासतो, तीच चिकाटी इथे पुरते.

आमच्या ग्रामीण आरोग्य केंद्रावर रक्तदाबाची गोळी न्यायला येणाऱ्या एक मावशी मध्यंतरी यायच्या थांबल्या. आशाताई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा कारण कळले. मुलाने फोनवर आलेले एक कात्रण वाचून दाखवले होते: रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत किडनीचे विकार जास्त. मावशींनी गोळी बंद केली, आणि केंद्रावर आल्या तेव्हा वरचा रक्तदाब दोनशेला टेकला होता. "पेपरात आलंय म्हणजे खोटं कसं असेल?" असे त्यांनी मला विचारले. आकडा खोटा नसेलही. पण गोळी कोणाला मिळते? ज्याला रक्तदाब आहे त्याला. आणि वर्षानुवर्षे चढलेला रक्तदाब काय करतो? किडनी बिघडवतो. गोळी घेणारे आणि न घेणारे हे मुळातच निरनिराळ्या प्रकृतीचे लोक होते, आणि रोगाचे पाप औषधाच्या माथी बसले. आमच्या शास्त्रात याला कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात. मावशींना हे समजावून सांगायला मला पाचेक मिनिटे लागली. ज्यांच्याकडे कोणी आशाताई गेल्या नाहीत, त्यांचे काय झाले असेल हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा प्रश्न हा: तुलना कोणाशी केली?

१९८१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित नियतकालिकात हार्वर्डच्या ब्रायन मॅकमहन यांच्या गटाचा एक अभ्यास छापून आला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे ३६९ रुग्ण आणि त्यांच्याशी ताडून पाहण्यासाठी इतर आजारांचे ६४४ रुग्ण. कॅन्सर झालेले लोक कॉफी जास्त पीत होते असे दिसले आणि जगभर मथळे झळकले. हे इतर रुग्ण निवडले कसे, ते पाहा. कॅन्सरच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच रुग्णालयात दाखल केलेले दुसरे रुग्ण त्यांनी घेतले. स्वादुपिंडाचा कॅन्सर बघतात पोटाच्या विकारांचे तज्ज्ञ. त्यांचे इतर रुग्ण म्हणजे अल्सरचे, आतड्याच्या दुखण्याचे लोक, ज्यांनी पोटात आग पडते म्हणून कॉफी आधीच कमी केलेली किंवा सोडलेली. म्हणजे कॅन्सरवाले जास्त कॉफी पीत होते असे नव्हे. ज्यांच्याशी तुलना केली तेच नेहमीपेक्षा कमी पीत होते. पुढच्या अभ्यासांत हा संबंध टिकला नाही. आकडेमोड चुकलेली नव्हती, रुग्णांची संख्या लहान नव्हती, संशोधक नवखे नव्हते आणि नियतकालिक तर जगातल्या पहिल्या दोन-चारांतले. चुकली ती तुलनेची बाजू.

याच पद्धतीचा, रुग्णालयातल्या रुग्णांचाच, त्याच्या एकतीस वर्षे आधीचा एक अभ्यास मी दरवर्षी वर्गात वाचून घेते. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या वीस रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कॅन्सरचे ७०९ रुग्ण घेतले, आणि प्रत्येकाच्या जोडीला त्याच वयोगटातला, स्त्रीला स्त्री आणि पुरुषाला पुरुष असा, कॅन्सर नसलेला एक रुग्ण. कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे फक्त दोन निघाले. तुलनेच्या गटात सत्तावीस. निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सप्टेंबर १९५० मध्ये आला. इथवरची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. माझे विद्यार्थी ज्या तक्त्यापाशी थबकतात तो तक्ता पुढे आहे.

डॉल आणि हिल यांना एक शंका होती. मुलाखत घेणाऱ्या समाजसेविकांना समोरचा रुग्ण फुप्फुसाच्या कॅन्सरचा आहे हे माहीत असणार. मग त्या नकळत त्याला जास्त खोदून विचारणार, आणि सिगारेटींचा आकडा फुगणार. ही शंका विरोधकांनी काढली नव्हती, संशोधकांनी स्वतःवरच घेतली होती. तिचे निरसन त्यांनी फार सुंदर केले. मुलाखतीच्या वेळी फुप्फुसाचा कॅन्सर समजलेले, पण पुढे निदान चुकल्याचे कळले असे काही रुग्ण होते. मुलाखत घेणाऱ्यांच्या लेखी तेव्हा तेही कॅन्सरचेच होते. आकडा जर मुलाखतीच्या पूर्वग्रहाने फुगला असता, तर या मंडळींचाही फुगायला हवा होता. तो फुगलेला नव्हता. त्यांचे धूम्रपान तुलनेच्या गटातल्या लोकांसारखेच निघाले. शंका तिथे संपली.

निरीक्षणात्मक अभ्यासाचा कस मी इथे पाहते. संशोधकाने आपलाच निष्कर्ष पाडून पाहायचा किती मनापासून प्रयत्न केला, यात. माझ्या दृष्टीने हे नमुन्याच्या आकाराहून आणि विद्यापीठाच्या नावाहून मोठे आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. डॉल-हिल यांच्या तुलनेच्या गटातही रुग्णच होते, आणि त्यांतल्या काहींचे आजार धूम्रपानाशी निगडित असणार हे आज आपल्याला कळते. म्हणजे तो गट सर्वसामान्य लंडनकरांपेक्षा थोडा जास्तच धूम्रपान करणारा. पण या दोषाने तंबाखूचा धोका प्रत्यक्षापेक्षा कमी दिसणार. कॉफीच्या अभ्यासातल्या दोषाने कॉफीचा धोका जास्त दिसला. दोष दोन्हीकडे आहे, पण एक निष्कर्षाच्या विरुद्ध ओढतो आणि दुसरा निष्कर्षाच्या बाजूने. नुसते 'या अभ्यासाला मर्यादा आहेत' असे वाक्य शेवटी टाकून भागत नाही. मर्यादा आकड्याला कोणत्या दिशेने ढकलते, हे विचारावे लागते.

मुंबईचेच उदाहरण घ्या. १९९० च्या दशकात प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या मतदारयाद्या हाती घेऊन घरोघर जाऊन ३५ वर्षांवरील सुमारे दीड लाख लोकांची नोंद केली: कोण बिडी ओढतो, कोण सिगारेट, कोण मिश्री लावते, कोण तंबाखू-चुना मळते. काही वर्षांनी पुन्हा त्याच घरांची दारे ठोठावली आणि कोण हयात आहे, कोण वारले ते पाहिले. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात, तंबाखूला न शिवणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १.३९ पट आणि बिडी ओढणाऱ्यांचा १.७८ पट दिसला. बिडी म्हणजे पानात गुंडाळलेला नैसर्गिक तंबाखू, सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज महाराष्ट्रात खोलवर रुजलेला होता. त्याला हा तडा होता.

या अभ्यासातून उंची वस्त्यांच्या मतदान केंद्रांचा भाग वगळलेला होता, कारण मोठ्या इमारतींच्या पहारेकऱ्यांना ओलांडून दारापर्यंत पोचणे कठीण. ही मर्यादा खरी आहे. श्रीमंत मुंबईकरांबद्दल या अभ्यासावरून फारसे बोलता येणार नाही. पण एका दृष्टीने तिचा लाभही झाला. बिडी ओढणारा माणूस गरीब असतो आणि गरिबी स्वतःच माणसाला लवकर मारते. मलबार हिलचा सिगारेट न ओढणारा आणि चाळीतला बिडी ओढणारा एकमेकांसमोर उभे केले असते, तर गरिबीचे मरण बिडीच्या खात्यात गेले असते. इथे तुलना बरीचशी सारख्या परिस्थितीतल्या लोकांत राहिली. कोणाला वगळले, याचे उत्तर मिळाले की अभ्यास आपोआप रद्द होत नाही. निष्कर्ष कोणाला लागू आणि कोणाला नाही, एवढे स्पष्ट होते.

दुसरा प्रश्न काळाचा. मोजणी कधीपासून सुरू केली?

अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेल्या नर्सेस हेल्थ स्टडीत एक लाखाहून जास्त परिचारिका सहभागी होत्या. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार सुमारे ४० टक्के कमी, असे त्यात आढळत राहिले. लाखो स्त्रियांना या गोळ्या हृदयासाठी म्हणून दिल्या गेल्या. मग विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या प्रयोगात १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठीच्या पद्धतीने दोन गटांत वाटले, आणि जुलै २००२ मध्ये तो मुदतीआधी थांबवावा लागला. हार्मोन घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वाढला होता, आणि हृदयविकार कमी होण्याऐवजी थोडा जास्तच झाला होता.

निरीक्षण कुचकामी आणि प्रयोग तेवढा खरा, असा धडा तेव्हा अनेकांनी घेतला. तो अर्धवट आहे. एक तर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया जास्त शिकलेल्या, बऱ्या मिळकतीच्या, स्वतःची काळजी घेणाऱ्या होत्या. हा झाला तुलनेचा दोष. दुसरा दोष सूक्ष्म आहे. आधीपासून गोळ्या घेत असलेल्या स्त्रियांपासून मोजणी सुरू केली, तर गोळी सुरू केल्याबरोबर ज्यांना झटका आला त्या हिशेबात येतच नाहीत. उरतात त्या ज्यांना गोळी सोसली. मिगेल हर्नान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली याच परिचारिकांच्या नोंदी पुन्हा घेतल्या आणि प्रत्येकीची मोजणी गोळी सुरू झाल्याच्या क्षणापासून, प्रयोगात करतात तशी केली. निरीक्षण आणि प्रयोग यांतले अंतर बरेचसे मिटले. नोंदी त्याच, स्त्रिया त्याच, फक्त शून्य योग्य जागी ठेवले.

काळाच्या याच घोळामुळे ऑस्कर मिळवणारे नट इतर नटांपेक्षा ३.९ वर्षे जास्त जगतात, अशी बातमी २००१ साली जगभर फिरली. ऑस्कर मिळेपर्यंत माणूस जिवंत असावाच लागतो, आणि ती सगळी वर्षे विजेत्यांच्या खात्यात धरली गेली होती. २००६ साली मोजणी सुधारून केल्यावर फायदा एवढा आकसला की तो आहे असे खात्रीने म्हणता येईना. औषधांच्या कितीतरी अभ्यासांत हीच चूक अजून होते. तीन वर्षे गोळी घेतलेले लोक जास्त जगले, असे वाचले की मी आधी पाहते की ती तीन वर्षे कोणाच्या खात्यात धरली आहेत.

निष्कर्ष पाडून पाहण्याचा आणखी एक नमुना सांगते, कारण तो मला फार शिकवून गेला. फ्लूची लस घेणाऱ्या वृद्धांत मृत्यू पुष्कळ कमी होतात, असे अनेक अभ्यास सांगत होते. सिएटलच्या लिसा जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या आणि विचारले: फ्लूची साथ येण्याआधीच्या महिन्यांत काय दिसते? साथच नाही तर लस कोणाला वाचवणार? २००६ साली त्यांनी छापले की साथ येण्यापूर्वी लसवाल्यांचे मृत्यू ६१ टक्के कमी होते, आणि साथीच्या काळात ४४ टक्के. म्हणजे लस नेमकी कामाला यायची त्या काळात फायदा उलट कमी दिसत होता. अंथरुणाला खिळलेला, शेवटच्या दिवसांतला माणूस लस घ्यायला जात नाही; धडधाकट जातो. लस निरुपयोगी आहे असे यातून ठरत नाही, आणि ज्येष्ठांनी ती जरूर घ्यावी. पण त्या मोठ्या आकड्यातला किती वाटा लसीचा आणि किती मुळातल्या तब्येतीचा, हे कळायला कोणीतरी हा प्रश्न विचारावा लागला.

गुणवत्ता ठरवण्यासाठी आमच्याकडे तयार साधने आहेत आणि आता आपल्या बातम्यांतही त्यांची नावे येऊ लागली आहेत, म्हणून त्यांबद्दल थोडे. न्यूकॅसल-ऑटावा स्केल हे सर्वांत जास्त वापरले जाणारे. त्यात अभ्यासाला तारे देतात, निवडीसाठी चार, तुलनेसाठी दोन, परिणामाच्या मोजणीसाठी तीन, एकूण नऊ. सात तारे मिळाले की अभ्यास चांगला, असा प्रघात पडला आहे. मला हा प्रघात घातक वाटतो. बाकी सगळीकडे पैकीच्या पैकी तारे मिळवून तुलनेत दोन्ही तारे गमावलेला अभ्यास सात ताऱ्यांचा होतो, आणि तरीही त्याचा निष्कर्ष पूर्ण चुकीचा असू शकतो. २०१६ साली आलेले रॉबिन्स-आय हे साधन वेगळ्या वाटेने जाते. हाच प्रश्न आदर्श प्रयोगाने सोडवायचा असता तर तो प्रयोग कसा आखला असता, अशी कल्पना ते आधी करायला लावते, आणि मग हा अभ्यास त्यापासून सात बाबतींत कुठे कुठे ढळला ते तपासते. सहा बाबतींत काम चोख असले आणि सातवीत गंभीर दोष असला, तरी एकूण निकाल किमान तेवढाच गंभीर. इथे बेरीज नाही, आणि तेच योग्य आहे. २००७ पासून प्रचारात असलेली स्ट्रोब ही २२ मुद्द्यांची यादीही आहे, पण ती निबंधात काय काय लिहिलेले असावे एवढेच सांगते. सगळे नीट लिहिलेला अभ्यास नीट केलेला असतोच असे नाही.

ताऱ्यांचा आणि मोठ्या आकड्यांचा भुलावा कुठवर नेतो हे आपण सर्वांनी २०२० साली पाहिले. २२ मे रोजी 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध आला: सहा खंड, ६७१ रुग्णालये, कोविडचे ९६,०३२ रुग्ण, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांत मृत्यू जास्त. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा गट थांबवला. भारतात हा विषय घराघरांत पोचलेला होता; आरोग्यसेवकांनी हे औषध प्रतिबंधासाठी घ्यावे असा सल्ला आयसीएमआरने मार्चमध्येच दिला होता. त्यामुळे आपल्याकडेही पानेच्या पाने भरली. मग काही लोकांनी साधी बेरीज-वजाबाकी केली. ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंचा निबंधातला आकडा त्या तारखेपर्यंत देशात नोंदलेल्या सगळ्या मृत्यूंपेक्षाही मोठा होता. शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून मूळ नोंदी मागितल्या. त्या नोंदी ज्या सर्जिस्फिअर कंपनीकडे होत्या तिने त्या दाखवल्या नाहीत, आणि ४ जूनला चारपैकी तीन लेखकांनी निबंध मागे घेतला. हे औषध कोविडवर उपयोगी नाही हे पुढे नीट केलेल्या प्रयोगांतून ठरले, पण त्याने तो निबंध खरा ठरत नाही.

संपादक महोदय, त्या पंधरा दिवसांतले अंक ग्रंथालयात काढून बघा. निबंधाची बातमी पहिल्या पानावर आणि तो मागे घेतल्याची आतल्या पानावर एका कोपऱ्यात, असे झाले असेल तर वाचकाच्या मनात कोणती राहिली असेल?

आता जे माझ्या विद्यार्थ्यांनाही सहसा पटत नाही ते सांगते. अभ्यासाचा प्रकार पाहून त्याची प्रत ठरवू नये. पाठ्यपुस्तकातल्या पुराव्यांच्या पिरॅमिडमध्ये एका वेळेची पाहणी, म्हणजे क्रॉस-सेक्शनल अभ्यास, तळाच्या बाजूला दाखवतात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत अशीच पाहणी केली. ६५० स्त्रिया तपासल्या, तक्रार असलेल्या आणि तक्रार नसलेल्याही. जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी छापले की ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या केवळ ८ टक्के. तालुक्याच्या दवाखान्यातली नोंदवही चाळून हे कधीच कळले नसते, कारण दवाखान्यात पोचतात त्याच बायका नोंदवहीत येतात. त्यांचा प्रश्न होता किती स्त्रियांना आजार आहे, आणि त्या प्रश्नाला गावात जाऊन पाहणी हीच योग्य पद्धत. आजार कशामुळे झाला असा प्रश्न असता, तर तीच पद्धत तोकडी पडली असती. तपासणीला कोण आल्या आणि कोण आल्या नाहीत, हे इथेही विचारायला हवे. ते विचारूनही, बाई आणि तिचे आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या सरकारी दृष्टीला दोन गावांच्या या अभ्यासाने जो धक्का दिला तो कित्येक लाखांच्या अभ्यासांनी दिला नाही.

आकड्यांच्या मांडणीबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. हार्मोनच्या त्याच प्रयोगात हृदयविकाराचा धोका २९ टक्के वाढला, असे मथळे होते. ते खरे आहे. पण दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३७ जणींना हृदयविकार झाला, हेही तितकेच खरे आहे. सात जणींचा फरक लहान नाही, कारण लाखो स्त्रिया ती गोळी घेत होत्या. पण घाबरून रात्रभर झोप न लागलेल्या बाईला दुसऱ्या वाक्याने आपल्या पायांवर उभे राहता येते. टक्का छापलात तर त्याच्या शेजारी 'दहा हजारांत किती' हेही छापा.

अभ्यासाचा प्रकार, तुलनेचा गट, किती जणांचा माग सुटला, लेखकांनी कोणत्या शंका स्वतः काढल्या आणि कशा तपासल्या, पैसा कोणाचा, हे सगळे मूळ निबंधात असते. प्रसिद्धिपत्रकात बहुधा नसते. बातमीदाराला मूळ निबंध वाचायला एक दिवस द्या. एका दिवसाने ती बातमी शिळी होत नाही; अक्रोड आणि हृदय दोन्ही उद्याही तिथेच असणार. निबंध मागे घेतला गेला किंवा नव्या अभ्यासाने उलटला, तर ती बातमी पहिल्या बातमीच्या जागी आणि तेवढ्याच मोठ्या मथळ्यात द्या. आणि चालू असलेले औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, ही ओळ औषधांच्या प्रत्येक बातमीखाली ठळक असावी.

हे सगळे एकट्याने करावे अशी अपेक्षा नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएमचा विभाग आहे, नागपूरपासून सिंधुदुर्गापर्यंत. तिथे असे निबंध सोलून पाहणारे शिक्षक आहेत, आणि एमडीच्या मुलांना खरा निबंध खऱ्या मुदतीत वाचून द्यायचा सराव मिळाला तर हवाच आहे. दर आठवड्याला छापायचे दोन-तीन निबंध आपल्या जिल्ह्यातल्या विभागप्रमुखांकडे आदल्या दिवशी पाठवा. तुलना कोणाशी केली आणि मोजणी कधीपासून केली, एवढी दोन उत्तरे संध्याकाळपर्यंत आपल्या टेबलावर यावीत यासाठी माझ्या विभागातर्फे मी तयार आहे, आणि इतर विभागांतल्या सहकाऱ्यांनाही याच पत्राने तशी विनंती करते आहे.

आपली,
पीएसएमची एक प्राध्यापिका